साडेचार बोटांचा पंजा

कवठे येमाईत म्हस्कूच्या संशयाला गावातल्या एखाद्या माणसाइतकी ओळख होती. लोक त्याची ख्यालीखुशाली विचारायचे. "काय म्हस्कू, आज कुणावर?" असं पारावरून कुणी विचारलं की म्हस्कू आधी विचारणाऱ्याकडेच नीट बघून घ्यायचा.

दुधाच्या पातेल्यावर तो कोळशानं रेघ मारायचा. कोंबडी ओरडली आणि खुराड्यात अंडं सापडलं नाही, तर चौकशी कोंबडीपासून सुरू व्हायची. त्याचा बाप मेंढरं राखायचा. मेंढरू दुसऱ्याच्या वाड्यात मिसळू नये म्हणून बाप त्याच्या कानाला खाच पाडायचा. मेंढरं गेली, चार एकर जमीन आली, म्हस्कू शेतकरी झाला, पण खूण करायची खोड रक्तातच राहिली. बापानं मेंढरांना खूण केली, म्हस्कूनं पिठाला.

घरातला पिठाचा डबा भरला की तो वरचं पीठ सपाट करायचा, उजवा पंजा दाबायचा आणि झाकण लावायचा. आता पंजा काय, कुणाचाही उठेल. पण म्हस्कूचं करंगळीशेजारचं बोट गिरणीच्या पट्ट्यात अर्धं गेलेलं. पिठावर साडेचार बोटं उठायची. पंचक्रोशीत असा दुसरा पंजा नव्हता. तलाठ्याच्या शिक्क्यावर म्हस्कूचा भरवसा नव्हता, पण ह्या शिक्क्यावर होता. सकाळी त्याच्या बायकोनं, सगुणाबाईनं, भाकरीला पीठ काढलं की तो नवा पंजा उठवायचा, आणि मधे कुणी हात घातला नाही ना, ते संध्याकाळी झाकण उघडून बघायचा.

ज्या गिरणीत बोट गेलं ती गिरणी दोघांची. रस्त्याकडेची खोली म्हस्कूच्या जागेत. आतली चक्की आणि मोटर सगुणाबाईच्या सोन्याच्या पुतळ्यांची माळ मोडून घेतलेली. विजेचं मीटर दोघांच्या नावावर. एक्याऐंशी साली नारळ फुटला, आणि तेव्हापासून म्हस्कूनं गिरणी लांबूनच बघितली, कारण शेती करून तो साखर कारखान्यात फिटरही होता. सुट्टीच्या दिवशी यायचा, दगड उचलून त्यांना टाकी लावायचा, म्हणजे छिन्नीनं पुन्हा खरखरीत करायचा, पट्टा ताणायचा आणि जायचा. दाणे ओतणं, पीठ भरणं, बायकांशी बोलणं हे सगळं सगुणाबाईचं.

दोन हजार एक साली तो कारखान्यातून निवृत्त झाला आणि स्टूल घेऊन गिरणीत बसला. तिथून घराला घरघर लागली.

बसल्या बसल्या त्याच्या डोक्यात एकच विचार फिरायला लागला. आपल्याकडं गहू पिकतो, गिरणी आपली, मग वीस वर्षं आपल्या ताटात करड्या रंगाचीच भाकरी का? ना धड गव्हाची, ना बाजरीची. चांगलं पीठ जातं कुठं? जाणार कुठं, बायकोच्या माहेरी, नदीकाठच्या वडगाव रासाईला. तिथं तिची म्हातारी आई, साळूबाई, एकटी राहायची.

"गिरणीतली झाडलोट मला चारती आन् गहू नदीला पोचवती," तो एकदा जेवताना म्हणाला.

"तुमच्या पंजाखालचा गहू म्या कसा काढू?" सगुणाबाई म्हणाली. "झाकान उघडा, बघा."

त्यानं उघडलं. पंजा शाबूत. संशय मात्र मिटला नाही, उलट मुरला. दोन वर्षं रोज तेच. शेवटी एका सकाळी सगुणाबाईनं ट्रंक उचलली, गिरणीमागच्या खोपीत नेऊन ठेवली आणि म्हणाली, "फारकत घ्या. ह्या वयात मला झडती सोसत न्हाई."

गावाला महिनाभराची करमणूक झाली. सुषमा, त्यांची एकुलती लेक, दौंडला दिलेली, जावई रेल्वेत. तिनं निरोप पाठवला की तुमचं दोघांचं काय ते ठरल्याशिवाय मी माहेरी पाऊल टाकणार नाही. शिरूरचा वकील मात्र खुशीत होता. दोघांच्या संमतीनं अर्ज, भांडण नाही, पोटगीचा हट्ट नाही.

"कोर्ट सहा महिने देतं, मन बदललं तर बघा म्हणून," वकील म्हणाला. "तोपर्यंत गिरणी कुणाकडे राहणार ते दोघांनी लिहून आणा. नाहीतर ती फारकतीच्या गळ्यात घंटेसारखी वाजत राहील."

गिरणी दोघांनाही हवी होती. सगुणाबाईचं पोट तिच्यावर. शेत सोडलं तर म्हस्कूला दुसरं काम नव्हतं, आणि गिरणी बायकोकडं गेली तर बावीस वर्षं तीच खरी आणि आपण खोटे असं गाव समजेल, ह्या भीतीनं तो रात्री कूस बदलायचा.

मधे पडले पोपटराव. माजी सरपंच, गिरणीसमोरच त्यांचं खताचं दुकान. दुसऱ्यांची भांडणं मिटवायची त्यांना आवड, आणि लवकर मिटू नयेत अशी आतून इच्छा.

"वरचा दगड सगुणाबाईला, खालचा तुला," ते म्हणाले. "दळा आता."

"चेष्टा नगं, आप्पा."

"मग एक हप्ता तू, एक हप्ता ती. सोमवारी चावी बदलायची. सहा महिन्यांत ज्याच्या हाताखाली गिरणी नीट चालंल, त्याची."

दोघांनी मान डोलावली. सगुणाबाईनं इतक्या पटकन मान डोलावली की म्हस्कूला तिथंच घाम फुटला. ही कशी काय लगेच कबूल झाली?

त्यानं त्याच दिवशी सापळा लावला. घरच्या गव्हाचं पांढरंशुभ्र पीठ डब्यात भरलं, डबा गिरणीच्या फळीवर ठेवला आणि वर साडेचार बोटं उठवली. "माझा डबा हाय, इथंच राहू दे," एवढंच म्हणाला. चोराला डबा दिसला की हात जाणारच, असा त्याचा हिशोब. ह्या वर्षीचा सगळा गहू त्याच्या घरात कुलपात. बाईजवळ दाणा नाही. बघू या काय खाते.

पहिल्या सोमवारी त्यानं झाकण उघडलं. पंजा शाबूत. दुसऱ्या खेपेलाही शाबूत. म्हस्कूला झोप लागेना. चोरी होत होती तेव्हा त्रास होता, चोरी होत नाही ह्याचा त्रास त्याहून मोठा निघाला.

त्याच्या हप्त्यात आणखी एक गोष्ट घडू लागली. बायका दळण घेऊन यायच्या, पण तोंड वाकडं करून जायच्या. बयाबाई म्हणजे त्या रस्त्याची तोंडाळ म्हातारी. तिनं सरळ सुनावलं.

"म्हस्कू, तुझ्या हातच्या गव्हाला बाजरीचा वास येतो रं. चपाती काळी पडती. जावई म्हनतो, सासूबाई, ह्ये काय चारताय."

"आधीच्या दळनाचं थोडं येतंच, मावशी. आज तुझ्यात त्याचं, उद्या त्याच्यात तुझं."

"सगुणाच्या हप्त्यात येत न्हाई."

झालं. म्हस्कूनं गिरणी बंद केली, दगड उतरवले, पट्टा सोडला, मोटरीच्या खालीसुद्धा वाकून बघितलं. बायकोनं काहीतरी करून ठेवलं असणार. काहीच सापडलं नाही. म्हणजे फारच हुशारीनं केलं असणार.

तिच्या हप्त्यात तो पोपटरावांच्या दुकानात युरियाच्या पोत्यांमागे जाऊन बसू लागला. पोपटराव गिऱ्हाइकाला सांगायचे, "त्या पोत्याला हात लावू नका, त्यात म्हस्कू हाय." समोर रांग लागलेली. कारेगावच्या कंपन्यांत कामाला असलेल्यांच्या बायकासुद्धा सुट्टीला गावी आल्या की डबे घेऊन सगुणाबाईकडं यायच्या. म्हस्कू डोळ्यांत तेल घालून बघायचा. आणि एक दिवस त्याला दिसलं. संध्याकाळी गिरणीला कुलूप लावताना सगुणाबाईच्या काखेत कापडी पिशवी. पिशवीच्या शिवणीतून पीठ सांडत होतं.

दुसऱ्या दिवशीही पिशवी. तिसऱ्या दिवशीही.

"दाना न्हाई तिच्याकडं," तो पोपटरावांच्या कानाला लागला. "माझ्या डब्याला हात न्हाई. मग पीठ कुठलं?"

पोपटरावांनी तंबाखू चोळली. "कुठलं?"

"गिऱ्हाइकाचं. प्रत्येकीच्या डब्यातनं मूठमूठ. गिरणीवाल्याची जुनी चोरी ती. आता चार मानसांत दावतो. मग कुनाची गिरणी ते तुम्हीच सांगा."

पोपटरावांच्या तोंडावर क्षणभर काहीतरी आलं होतं. त्यांनी ते तंबाखूबरोबर गालात ठेवलं. एवढा तमाशा फुकट बघायला मिळत असताना कोण बोलेल.

सोमवार उजाडला. चावी बदलायचा दिवस, दारात दहाबारा बायका डबे घेऊन उभ्या. म्हस्कूनं धुतलेला फेटा बांधला होता. पोपटरावांना खुर्ची दिली. सगुणाबाई चावी द्यायला पुढं आली तशी त्यानं तिच्या काखेतली पिशवी ओढून खुर्चीपुढं ठेवली.

"ह्ये बघा आप्पा. बाईकडं एक दाना न्हाई. माझा डबा त्यो तिथं, पंजा शाबूत, सगळ्यांनी बघून घ्या. मग ह्या पिशवीत पीठ आलं कुठनं? ह्या आयाबायांच्या डब्यातनं. रोज. आज धा वर्सं, पंधरा वर्सं, किती वर्सं ते तिलाच ठावं."

त्यानं चहूकडं बघितलं. आता सगुणाबाईवर शिव्यांचा पाऊस पडेल म्हणून थांबला. कुणी सगुणाबाईकडं बघितलंच नाही. बयाबाईनं आपला डबा उचलून कमरेवर घेतला.

"म्हंजी ह्या गिरणीत आमचं पीठ मारत्यात म्हन."

"मी न्हाई मावशी, ती."

"गिरणी तुमची दोघांची ना? मग आमी कशाला दोघांच्यात निवाडा करत बसू? खालच्या आळीला दुसरी गिरणी हाय." ती निघाली. तिच्यामागं दुसरी, मग तिसरी. चपलांचा आवाज झाला आणि रांग रस्त्याला लागली.

पोपटराव हळूच म्हणाले, "म्हस्कू, तू गिरणी मागतुयस का गिरणीला सरण रचतुयस? चोराची गिरणी म्हनून गाजली, तर उद्या निम्मी चोरी तुझ्या नावावर. मीटर दोघांचं हाय, इसरलास?"

 गिरणीवाल्यानं बायकांच्या रांगेपुढं आपल्याच गिरणीला चोर म्हणायचं, हे त्याच्या आधी कुणी केलं नसेल. हप्त्यातला पहिला दिवस, आणि दारात एक डबा नाही.

आवाज दिला तो सगुणाबाईनं.

"बयामावशी, थांबा. मागं या. घरचं बोलनं हाय, पर आता तुमच्यापुढं बोलावं लागंल."

बायका थांबल्या. चोर कोण ह्यापेक्षा घरचं बोलणं त्यांना जास्त हवं होतं. परत येताना त्या निघाल्या होत्या त्यापेक्षा भराभर आल्या.

सगुणाबाईनं पिशवी उपडी केली. फडक्यावर करड्या पिठाचा ढीग पडला. गहू, बाजरी, ज्वारी, हरभऱ्याचा पिवळा ठिपका.

"कुनाचं हाय ह्ये सांगा. कुनी आनलं व्हतं असलं दळान?"

बयाबाईनं चिमूट उचलून जिभेवर ठेवली. "असलं कुनीच आनत न्हाई."

"बाजरीवरनं गहू लावायचा तर दगडात बाजरी बसलेली असती. पुढच्या बाईच्या गव्हात ती उतरती. म्हनून मधी एक ओंजळ आपली टाकायची, रेशनच्या गव्हाची. ती दगड धुऊन खाली येती. ती म्या लोकांच्या डब्यात जाऊ देत न्हाई, बाजूला काढती. दिवसाकाठी येवढं जमतं. बावीस वर्सं ह्याचीच भाकरी केली, ह्यांनाबी आन् मलाबी. सांगितलं व्हतं. ह्ये म्हनले, बनवतीस."

म्हस्कूनं तो ढीग बघितला. ओळखीचा होता. बावीस वर्षं रोज दोन वेळा बघितलेला. त्याच्या हप्त्यात बयाबाईची चपाती काळी का पडते, तेही त्याला त्याच क्षणी कळलं, पण ते कुणाच्या लक्षात येऊ नये म्हणून तो फेटा सारखा करू लागला.

प्रकरण तिथं मिटलं असतं. पण बयाबाईचे डोळे म्हातारपणातही घारीचे.

"आन् ही पुरचुंडी गं?"

करड्या ढिगातून एक कापडाची पुरचुंडी डोकावत होती. बयाबाईनं सोडली. आत पांढरंशुभ्र, कापसासारखं पीठ. रेशनच्या गव्हाचं असं होत नाही.

म्हस्कूच्या अंगात पुन्हा जीव आला. "बोल. ह्ये कुनाचं? माझ्या डब्यातलं तर न्हाई, पंजा शाबूत हाय. म्हंजी ह्यांच्यातल्याच कुनाचं."

बायकांच्या कमरेवरचे डबे पुन्हा घट्ट झाले.  सगुणाबाईपुढं दोनच वाटा होत्या. गप्प राहावं तर गिरणी गेली. बोलावं तर बावीस वर्षांचं गुपित गेलं.

तिनं फळीवरचा म्हस्कूचा डबा खाली घेतला. झाकण काढून सगळ्यांना पंजा दाखवला. मग तळहातानं तो सरळ पुसून टाकला.

"आगं," म्हस्कू म्हणाला.

सगुणाबाईनं उजव्या हाताचं करंगळीशेजारचं बोट मधोमध दुमडलं, पंजा पिठावर दाबला आणि उचलला. पिठावर साडेचार बोटं. त्याच ठिकाणी तुटलेलं तेच बोट.

 पोपटराव खुर्चीतून पुढं झुकले. मग बयाबाईच्या पोटातून एक हसू निघालं, आणि ते एकीकडून दुसरीकडं जात जात रस्त्यापर्यंत पोचलं. एकीनं तर डबा खाली ठेवून पदरानं डोळे पुसले. पोपटराव म्हणाले, "तहसीलदार हुशार असता तर तुला शिक्के मारायच्या नोकरीला ठेवली असती, बाई."

म्हस्कूनं डब्यात कोपरापर्यंत हात घातला. वर चार बोटं पांढरं पीठ. त्याखाली करडं, तळापर्यंत.

"आईला दात न्हाईत," सगुणाबाई म्हणाली. ती म्हस्कूशी बोलत होती, पण बघत होती डब्याकडं. "भाकरी चावत न्हाई तिला. दुधात चपाती कुस्करून दिली तर खाती. त्या गव्हाच्या रानात खुरपायला मीबी वाकलेय. नवऱ्याच्या डब्यातलं घेतलं, ह्ये कबूल. लोकांच्या डब्यातलं चिमूटभर घेतलं असंल, तर येमाई देवी बघून घील."

पुढचा निवाडा पोपटरावांना करावाच लागला नाही. तो बायकांनी केला. नवऱ्याच्या डब्यातून आईला पीठ नेणं ह्याला त्या रस्त्यावरच्या एकाही बाईनं चोरी म्हटलं नाही. दोघीतिघी तर घरी जाऊन आपापल्या डब्यांकडं नव्या नजरेनं बघू लागल्या, असं म्हणतात. सगुणाबाईच्या हप्त्यात रांग वाढली. म्हस्कूच्या हप्त्यात तो स्टुलावर बसायचा आणि समोर पोपटराव युरियाच्या पोत्यांना टेकून त्याच्याकडं बघत बसायचे. त्यानंही मधे एक ओंजळ टाकायला सुरुवात केली, पण टाकायची कधी, कुणी दळणच आणत नव्हतं.

सहा महिने भरले. शिरूरला कागद झाले. चक्की, मोटर, मीटर सगुणाबाईचं. खोली म्हस्कूची. दगडाला टाकी लावायला तो पंधरवड्याला येणार, कारण त्याच्यासारखी टाकी दुसऱ्याला येत नव्हती हे सगुणाबाईनं स्वतःहून वकिलाला सांगितलं. ते ऐकून म्हस्कूनं कागद दोनदा वाचून घेतला. खोलीचं भाडं त्यानं पैशात मागितलं नाही. महिन्याला एक डबा गव्हाचं पीठ, असं लिहून घेतलं. "आन् गहूच," तो वकिलाला म्हणाला, "मिसळ न्हाई. तसं घाला."

वकिलानं घातलं.

पहिल्या महिन्याचा डबा पोपटरावच लुनावर घेऊन आले. "भाडं आलं," म्हणाले, आणि चहा न घेता ओट्यावर बसून राहिले, कारण पुढचं बघायचं होतं.

म्हस्कूनं झाकण उघडलं. वर साडेचार बोटं.

त्यानं आपला पंजा त्या पंजावर ठेवला. बसला नाही. पिठातला पंजा लहान होता, चांगला बोटभर. अंगठा आखूड, तळवा अरुंद. तो पंजा त्याला अगदी ओळखीचा वाटत होता. घरच्या डब्यावर रोज संध्याकाळी बघितलेला. त्यात आपला कितव्या दिवशीचा आणि तिचा कितव्या, हे आता कसं शोधायचं? बावीस वर्षं त्यानं तुटलेलं बोट तेवढं बघितलं. उरलेल्या तीन बोटांना आणि अंगठ्याला त्यानं कधी विचारलंच नव्हतं तुम्ही कुणाचे.

"बघ की खाली," पोपटराव म्हणाले.

म्हस्कूनं घोंगडी अंथरली, वर धोतर टाकलं आणि डबा हळूहळू उपडा केला. वरचं पांढरं. मधलं पांढरं. त्यानं डब्याचं बूड थोपटलं, शेवटची मूठ पडली. तीही पांढरी. ढिगात हात फिरवला, चिमूट जिभेवर ठेवली, पुन्हा ठेवली. बाजरी नाही, ज्वारी नाही. तळापर्यंत नुसता गहू.

त्यानं पिठाचे हात झटकले. कपाळावर आठी चढत गेली.

"आप्पा," तो शेवटी म्हणाला, "आता हिचा काय डाव असंल?"